व्हीसीएलमध्ये व्हीएमचा पूल बांधताना: नव्या लॅब-अ‍ॅडमिनसाठी

लॅबची मशिनं रिझर्व्हेशनवर, म्हणजे पोर्टलवरून ठरावीक वेळेसाठी, द्यायची ठरली की बहुतेक जण थेट होस्टकडे, म्हणजे ती मशिनं चालवणाऱ्या सर्व्हरकडे, धावतात. तीस-चाळीस व्हीएम (व्हर्च्युअल म्हणजे आभासी मशिनं) उभ्या राहतात, पिंग होतात, लॉगिनही होतं. पोर्टलवर विद्यार्थ्याला मात्र ‘मशीन उपलब्ध नाही’ असंच दिसत राहतं. इकडे मशिनं रिकामी, तिकडे मुलं रिकामी. कारण साधं आहे. होस्टवर किती व्हीएम चालू आहेत याच्याशी रिझर्व्हेशन सॉफ्टवेअरला देणंघेणं नसतं. ते आपल्या डेटाबेसमधल्या नोंदी, नोंदींचे गट आणि गटांमधलं मॅपिंग एवढंच बघतं. व्हीएम तयार करणं हे त्यातलं सोपं काम. कोणती इमेज (ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर घातलेली तयार डिस्क), कोणत्या मशीनवर, कोणाला आणि कधी मिळेल ही साखळी जोडणं म्हणजे पूल बांधणं, आणि वेळ तिथे जातो.

हा लेख अपाची व्हीसीएल, म्हणजे व्हर्च्युअल कम्प्युटिंग लॅब, धरून लिहिला आहे. अमेरिकेत रॅले इथल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत २००४ मध्ये ही प्रणाली सुरू झाली, २००८ मध्ये ती अपाची फाउंडेशनच्या इनक्युबेटरमध्ये आली आणि २०१२ मध्ये स्वतंत्र अपाची प्रकल्प झाली. मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचे पैसे नाहीत. भाग तीन: पीएचपीत लिहिलेलं वेब पोर्टल, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीचा डेटाबेस, आणि मॅनेजमेंट नोडवर (सगळ्या मशिनांचा कारभार बघणाऱ्या सर्व्हरवर) चालणारा पर्लमधला ‘व्हीसीएलडी’ हा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम. व्हीएम चालू-बंद करणं, इमेज चढवणं, विद्यार्थ्याचं खातं तयार करणं ही सगळी हातकामं हा डीमन करतो. हे तीन भाग बसवून झाले आहेत आणि होस्टवर केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय) चालतं आहे असं इथे गृहीत धरलं आहे. आवृत्ती मात्र २.५.२ किंवा त्यापुढचीच घ्या; २.५.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत ब्लॉक अलोकेशनच्या (अख्ख्या बॅचसाठी मशिनं राखण्याच्या) फॉर्ममधून एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे डेटाबेसला भलतेच आदेश देणं, करता येत होतं. कॉलेजातल्या पोरांच्या हाती पोर्टल द्यायचं तर ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आधी कागदावर हिशेब

समजा कॉम्प्युटर विभागाकडे तीन होस्ट आहेत, प्रत्येकी १२८ जीबी रॅम आणि ३२ कोअर. एका होस्टवर किती व्हीएम बसतील?

रॅमपासून सुरुवात करा, कारण आधी तीच संपते. होस्टच्या स्वतःच्या वापरासाठी ८ ते १० जीबी बाजूला ठेवा. उरले साधारण ११८. व्हीएमला ४ जीबी दिली तर २९ बसतात. प्रत्येकीला २ व्हर्च्युअल सीपीयू दिले तर ५८ होतात, म्हणजे ३२ कोअरवर पावणेदोनपटीपेक्षा थोडा जास्त भार. प्रॅक्टिकलसाठी एवढं चालतं. पोरं बराच वेळ कोड टाइप करत असतात आणि त्या वेळी सीपीयू नुसता बसलेला असतो. रॅमचं तसं नाही. केव्हीएम तुम्हाला असलेल्या रॅमपेक्षा जास्त रॅम व्हीएमना देऊ देतं, पण लॅबमध्ये त्या वाटेला जाऊ नका. सर ‘आता सगळ्यांनी आयडीई उघडा’ म्हणतात तेव्हा वीसच्या वीस जण एकदमच उघडतात. मग होस्ट स्वॅपवर (रॅमऐवजी संथ डिस्कवर) जातो आणि अख्खी बॅच गोठते.

तीन होस्ट गुणिले २९ म्हणजे ८७ हा आकडा प्राचार्यांना दाखवायला छान आहे. वेळापत्रकाचं वचन त्यावर देऊ नका. एक होस्ट कधी ना कधी बंद पडणारच: पॉवर सप्लाय जाईल, डिस्क जाईल, नाहीतर तुम्हीच अपडेटसाठी खाली घ्याल. दोन होस्टवर ५८ उरतात. वीसच्या दोन बॅचेस एका वेळी निर्धास्त, तिसरीला दोन कमीच पडतात. होस्टवर सगळ्या २९ जागा भरण्याऐवजी मी २५ वर थांबेन. एखाद्या इमेजला उद्या ६ जीबी लागले तर हालचालीला जागा राहते.

डिस्कचा हिशेब वेगळा. केव्हीएमवर व्हीसीएल प्रत्येक व्हीएमसाठी इमेजची पूर्ण नक्कल करत नाही. मूळ इमेज होस्टवर एकदा येते, आणि प्रत्येक व्हीएमच्या वेगळ्या फाइलीत फक्त बदललेला भाग लिहिला जातो. त्यामुळे ४० जीबीच्या तीन इमेज म्हणजे होस्टवर १२० जीबी, अधिक प्रत्येक व्हीएमचे बदल. बदलांसाठी व्हीएममागे ८ ते १० जीबी धरा. शक्य असेल तर हे सगळं एसएसडीवर ठेवा. पंचवीस व्हीएम एकाच मिनिटाला बूट होतात तेव्हा साध्या हार्ड डिस्कचा जीव जातो.

दोन नेटवर्कं, आणि दोन्ही वेगळी

व्हीसीएलमधल्या प्रत्येक व्हीएमला दोन नेटवर्क कार्डं असतात. पहिलं प्रायव्हेट: मॅनेजमेंट नोड त्यावरून एसएसएचनं (दूरच्या मशीनला आदेश देण्याच्या सुरक्षित जोडणीनं) व्हीएमशी बोलतो. दुसरं पब्लिक: विद्यार्थी त्यावरून रिमोट डेस्कटॉप किंवा एसएसएच जोडतो. ‘पब्लिक’ म्हणजे इंटरनेटवर उघडंच असलं पाहिजे असं नाही. कॉलेजचं अंतर्गत नेटवर्क चालतं.

प्रायव्हेटसाठी स्वतंत्र व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) मागून घ्या. नेटवर्कवाले ‘आहे त्यातच चालवा’ म्हणतील, ऐकू नका. प्रायव्हेट बाजूला प्रत्येक व्हीएमला तिच्या मॅक पत्त्यानुसार (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकानुसार) ठरलेलाच आयपी मिळायला हवा, आणि तो मॅनेजमेंट नोडवरचा डीएचसीपी (आयपी वाटणारा) सर्व्हर देतो. त्याच तारेवर विभागाचा दुसरा डीएचसीपी सर्व्हर उत्तरं देत असेल तर कधी हा आयपी मिळेल, कधी तो. अशी बिघाडं शोधणं फार त्रासाचं, कारण निम्म्या वेळा सगळं नीट चालतं.

तिन्ही होस्टवर दोन्ही नेटवर्कांची नावं सारखी ठेवा. पोर्टलमध्ये ‘व्हीएम होस्ट प्रोफाइल’ नावाचा भाग आहे. इमेज कुठे ठेवायच्या, व्हीएमच्या फाइली कुठे ठेवायच्या आणि कोणतं कार्ड कोणत्या नेटवर्कला जोडायचं हे त्यात लिहायचं. तिथलं नाव आणि होस्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. तिन्ही होस्ट सारखे असतील तर एकच प्रोफाइल पुरतं, आणि ते एकच असणं फार सोयीचं.

मॅनेजमेंट नोडवरून प्रत्येक होस्टवर पासवर्डशिवाय, कीच्या आधारे, रूट म्हणून एसएसएच जमतं ना, ते हातानं करून बघा. पहिल्या जोडणीला एसएसएच ‘ही की ओळखीची आहे का’ असं विचारतं, त्याचं उत्तरही त्याच वेळी देऊन टाका.

मशिनांच्या नोंदी

आता पोर्टल. आधी तिन्ही होस्टची नोंद ‘कॉम्प्युटर’ म्हणूनच करायची आणि मग त्यांची स्थिती बदलून त्यांना व्हीएम होस्ट करायचं; त्या वेळी प्रोफाइल विचारलं जातं. होस्टसाठी एक ‘व्हीएम मर्यादा’ असते, तिथे आपला २५ हा आकडा टाका.

मग व्हीएम. पंचवीस-पंचवीस नोंदी एकेक करून भरायची गरज नाही, एकदम भरायची सोय आहे. नावात जिथे आकडा हवा तिथे टक्क्याचं चिन्ह टाकायचं आणि सुरुवातीचा नि शेवटचा आकडा द्यायचा. पहिल्या होस्टवरच्या व्हीएमना १०१ ते १२५, दुसरीकडच्या २०१ ते २२५, तिसरीकडच्या ३०१ ते ३२५ असे आकडे द्या. विद्यार्थी ‘२१४ अडकलंय’ म्हणाला की कुठे बघायचं ते लगेच कळतं. प्रायव्हेट आयपीही त्याच क्रमानं द्या, तिसरा आकडा होस्टचा: १०.१०.१.१०१ पासून पहिली रांग, १०.१०.२.१०१ पासून दुसरी, १०.१०.३.१०१ पासून तिसरी. सबनेट मास्क त्या हिशेबानं मोठा ठेवा.

मॅक पत्ते देताना जरा थांबा. प्रत्येक व्हीएमला दोन लागतात. सुरुवातीचा पत्ता दिला की पोर्टल पुढचे ओळीनं वाटतं, म्हणजे २५ व्हीएमना ५० पत्ते गेले. दुसऱ्या होस्टची रांग पहिलीच्या पन्नाशीच्या आत सुरू झाली तर एकाच पत्त्याच्या दोन व्हीएम तयार होतात. केव्हीएमसाठी ५२:५४:०० ही सुरुवात वापरायचा रिवाज आहे. तीच ठेवा आणि चौथ्या जोडीत होस्टचा क्रमांक घाला, म्हणजे रांगा कधीच एकमेकींवर चढणार नाहीत.

नोंदी झाल्या की पोर्टल डीएचसीपीच्या फाइलीत घालायच्या ओळी तयार करून देतं. त्या मॅनेजमेंट नोडवरच्या फाइलीत चिकटवा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा. शिवाय सगळ्या व्हीएमची नावं आणि प्रायव्हेट आयपी मॅनेजमेंट नोडच्या होस्ट्स फाइलीत हवेत. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून राहून जाते, आणि मग डीमनला नावावरून मशीन सापडत नाही.

शेवटी, व्हीएम त्यांच्या होस्टला नेमून द्यायच्या. नोंद केली म्हणजे नेमणूक झाली असं नसतं. ‘व्हर्च्युअल होस्ट’च्या पानावर जाऊन डावीकडच्या यादीतून उजवीकडे सरकवावं लागतं.

बेस इमेज आणि रॅमचे दोन आकडे

एका व्हीएमवर हातानं ऑपरेटिंग सिस्टिम बसवा, दोन्ही कार्डं डीएचसीपीवर ठेवा, मॅनेजमेंट नोडची एसएसएच की आत घाला. विंडोजसाठी आत सिग्विनमधला (विंडोजवर लिनक्ससारखी साधनं देणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) एसएसएच सर्व्हर बसवावा लागतो, त्याला एक दुपार वेगळी काढा. सगळी सॉफ्टवेअर घालून झाल्यावर मॅनेजमेंट नोडवर व्हीसीएलडीचा सेटअप मेन्यू चालवून इमेज कॅप्चर करायची.

कॅप्चरनंतर इमेजच्या तपशिलात ‘किमान रॅम’ आणि ‘किमान प्रोसेसर संख्या’ असे रकाने दिसतात. नवखे इथे हमखास फसतात, म्हणून सविस्तर सांगतो. ‘किमान’ या शब्दावरून वाटतं की ही नुसती अट आहे. अट तर ती आहेच: मशीनच्या नोंदीत लिहिलेली रॅम या आकड्यापेक्षा कमी असेल तर ते मशीन त्या इमेजसाठी विचारातच घेतलं जात नाही. पण केव्हीएमवर व्हीएम तयार होताना तिला प्रत्यक्ष जी रॅम मिळते तीही इमेजच्या या किमान आकड्याइतकीच असते. मशीनच्या नोंदीतला आकडा फक्त वरची पट्टी.

याचे परिणाम दोन बाजूंनी होतात. इमेजला ६ जीबी लिहिलं आणि मशिनांच्या नोंदीत ४ असेल, तर पोर्टल म्हणणार ‘उपलब्ध नाही’, मग पंचाहत्तरच्या पंचाहत्तर व्हीएम मोकळ्या का असेनात. उलट, भानगड नको म्हणून मशिनांच्या नोंदीत सरसकट १६ जीबी लिहून ठेवलं, आणि पुढे एखाद्या सरांनी आपल्या इमेजला हौसेनं ८ केले, तर त्या इमेजच्या २५ व्हीएम मिळून होस्टकडे २०० जीबी मागतील. तेव्हा नोंदीतला आकडा म्हणजे त्या गटातल्या मशीनला जास्तीत जास्त किती द्यायची तयारी आहे, तो प्रामाणिकपणे लिहा. मोठ्या इमेजसाठी थोड्या मशिनांचा वेगळा गट करा.

गट आणि मॅपिंग

इथे लागणारे गट तीन प्रकारचे: इमेजचे, कॉम्प्युटरचे आणि मॅनेजमेंट नोडचे. आणि जोडण्या दोन.

कॉम्प्युटरचे गट विषयावरून करू नका. ‘डीबीएमएसची मशिनं’, ‘पायथॉनची मशिनं’ असे गट केले की सोमवारी एक गट तुडुंब आणि दुसरा ओस पडतो. गट करायचे ते मशीनच्या क्षमतेवरून आणि वापराच्या स्वभावावरून. आपल्या उदाहरणात तीन पुरेत: ४ जीबीची ‘प्रॅक्टिकल’ मशिनं सगळ्यात जास्त, ८ जीबीची ‘मोठी’ मशिनं थोडी, आणि ‘प्रोजेक्ट’ हा वेगळा छोटा गट. शेवटचा गट वेगळा ठेवायलाच हवा. प्रोजेक्टवाले मशीन दिवसचे दिवस सोडत नाहीत; त्यांना सामाईक गटात घेतलं तर महिन्याभरात प्रॅक्टिकलला मशिनं उरणार नाहीत.

एक मशीन दोन गटांत टाकता येतं. त्यानं लवचीकता येते, पण मशीन दोन होत नाहीत. दोन्ही गटांची बेरीज करून कोणी क्षमता सांगायला लागलं की तिथेच थांबवा.

इमेजचे गट मात्र विषयानुसार, वर्गानुसार किंवा सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार केलेले बरे, कारण परवानगी त्यांच्यावरच द्यायची असते. एखाद्या सॉफ्टवेअरचे २५ च परवाने असतील तर इमेजच्याच तपशिलात ‘एका वेळी जास्तीत जास्त वापर’ २५ करा. सव्विसाव्याला पोर्टल स्वतःच थांबवेल.

आता जोडण्या. पहिली: कोणता इमेज गट कोणत्या कॉम्प्युटर गटावर चालेल. दुसरी: कोणता मॅनेजमेंट नोड गट कोणते कॉम्प्युटर गट सांभाळेल. पहिली सगळ्यांच्या लक्षात असते. दुसरी राहून जाते, विशेषतः नवा कॉम्प्युटर गट मागाहून केला असेल तेव्हा. मॅनेजमेंट नोड एकच असला तरी हे मॅपिंग लागतंच. ते नसेल तर मशीन पुरवायला कोणी वाली नाही असं व्हीसीएल समजतं.

प्रिव्हिलेज ट्री

कोणाला काय मिळेल हे झाडासारख्या रचनेत ठरतं. मुळाशी एक नोड (झाडातली एक जागा; मॅनेजमेंट नोड वेगळा), त्याखाली विभाग, त्याखाली वर्ग. विद्यार्थ्याला रिझर्व्हेशन मिळायला एकाच नोडवर तीन गोष्टी भेटाव्या लागतात: त्याच्या युजर गटाला इमेज घेण्याचा हक्क, इमेज गट ‘उपलब्ध’ आणि कॉम्प्युटर गटही ‘उपलब्ध’. वरच्या नोडवरून ‘कॅस्केड’ करून (खालच्या नोडनाही लागू करून) खाली आलेलं चालतं. शेजारच्या फांदीवरचं चालत नाही.

झाड उथळ ठेवा. कॉम्प्युटर गट विभागाच्या नोडवर उपलब्ध करून खाली कॅस्केड करा. इमेज गट आणि विद्यार्थ्यांचे गट वर्गाच्या नोडवर द्या. एसईच्या मुलांना बीईची इमेज दिसणार नाही, आणि मशिनं मात्र सगळ्यांची सामाईक राहतील. विषय शिक्षकांना त्यांच्या इमेज गटापुरताच अ‍ॅडमिन हक्क द्या. कॉम्प्युटरचे हक्क तुमच्याकडेच ठेवा, कितीही आग्रह झाला तरी.

वेळ

प्रत्येक मशीनला शेड्यूल लागतं. व्हीएमसाठी चोवीस तास, सातही दिवस. विभागातल्या प्रत्यक्ष लॅबचे पीसीही रात्री रिझर्व्हेशनवर द्यायचे असतील तर त्यांना संध्याकाळी सात ते सकाळी सात असं वेगळं शेड्यूल करता येतं.

युजर गटावर तीन मुदती असतात: पहिल्यांदा किती वेळ, एका खेपेला किती वाढवून, आणि एकूण किती. प्रॅक्टिकल दोन तासांचं असतं, म्हणून पहिली मुदत अडीच तासांची ठेवा. एकूण चार तास पुष्कळ झाले. सबमिशनच्या आठवड्यात मुलं मशीन धरून बसतात, त्या वेळी एकूण मुदत कमी करायची तयारी ठेवा.

वेळापत्रकातल्या बॅचेसना ‘जमेल तेव्हा घ्या’ यावर सोडू नका. त्यांच्यासाठी ब्लॉक अलोकेशन आहे: कोणता गट, कोणती इमेज, किती मशिनं, कोणत्या वारी किती ते किती. व्हीसीएल वेळेआधीच त्या मशिनांवर इमेज चढवायला घेतं आणि मुलांना आल्या आल्या तयार मशीन मिळतं. वीसच्या बॅचला २२ मागा. दोन मशिनं ऐन वेळी दगा देतात हे गृहीत धरलेलं बरं.

चाचणी, आणि ‘उपलब्ध नाही’ आलं तर

अ‍ॅडमिनच्या खात्यावरून चाचणी करून काही कळत नाही. अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं. विद्यार्थ्यांच्या गटात एक खोटं खातं करा आणि त्यानं रिझर्व्हेशन घ्या. मशीन तयार झाल्यावर कनेक्टचं बटण ठरलेल्या वेळेत दाबावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये ती १५ मिनिटं असतात, नाहीतर रिझर्व्हेशन सुटतं. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. नव्या होस्टवर पहिल्यांदा इमेज चढताना पूर्ण फाइल कॉपी होते म्हणून उशीर लागतो. नंतर लवकर होतं. म्हणून सेमिस्टर सुरू होण्याआधी प्रत्येक इमेज प्रत्येक होस्टवर एकदा तरी चढवून ठेवा.

इमेज यादीतच दिसत नसेल तर दोष हक्कांत, म्हणजे ट्रीमध्ये. इमेज दिसते पण मशीन मिळत नसेल तर या क्रमानं बघा: इमेजची किमान रॅम आणि मशीनच्या नोंदीतली रॅम, इमेज-कॉम्प्युटर मॅपिंग, मॅनेजमेंट नोडचं मॅपिंग, मशीनचं शेड्यूल, आणि मशीनची स्थिती. रिझर्व्हेशन सुरू होऊन मध्येच फसत असेल तर पोर्टल सोडा, मॅनेजमेंट नोडवरची व्हीसीएलडीची लॉग फाइल उघडा. ती लांबलचक असते, पण रिझर्व्हेशनचा क्रमांक शोधला की नेमकी जागा सापडते. बहुतेक वेळा व्हीएम बूट झालेली असते आणि एसएसएचला उत्तर देत नसते. म्हणजे प्रायव्हेट आयपी, मॅक किंवा की, यांपैकी काहीतरी चुकलंय.

एक स्थिती रोज बघायची: ‘फेल्ड’. इमेज चढवताना बिघाड झाला की व्हीसीएल मशीनला या स्थितीत टाकतं आणि तुम्ही हातानं बदलेपर्यंत ते कोणालाही देत नाही. कोणाची तक्रार येत नाही, कारण मुलांना दुसरं मशीन मिळतच असतं. पूल मात्र एकेकानं आटत जातो आणि ओरलच्या आदल्या दिवशी लक्षात येतं की पंचाहत्तरातली बारा-पंधरा मशिनं केव्हाची बाहेर आहेत. सकाळी आल्यावर यादी स्थितीनुसार लावून बघायला दोन मिनिटं लागतात. फेल्ड मशीन थेट ‘उपलब्ध’ करू नका. आधी लॉग बघा, मग ‘रीलोड’ करून इमेज नीट चढते का ते तपासा.

होस्ट दुरुस्तीला घ्यायचा असेल तर त्यावरच्या सगळ्या व्हीएम आदल्या दिवशीच ‘मेंटेनन्स’मध्ये टाका. चालू रिझर्व्हेशन असलेल्या व्हीएम मोकळ्या होईपर्यंत थांबा, आणि मगच होस्ट बंद करा.